थंडी बाधली म्हणून आणलेली हरणी

२६ डिसेंबरची रात्र, सव्वानऊची वेळ. फोन खानापूर तालुक्यातून, जांबोटी रस्त्यावरच्या एका शेतघरातून होता. मामांना मी सहा-सात वर्षं ओळखते. आधी त्यांच्या म्हशींमुळे ओळख झाली, नंतर त्यांच्या कुत्रीमुळे, हरणीमुळे.

"ओ डॉक्टरबाई, हरणीला थंडी बाधलीया बघा. अंग नुसतं थरथरूलालंय. वाकळ घातली तरी राहीना."

मी विचारलं, कुठे झोपते? पडवीत, म्हणाले. बिछाना कोरडा आहे का? आहे. मग मी म्हणाले, "आज घरात घ्या, चुलीपासून चार हात लांब ठेवा, कोमट पाणी पाजा. सकाळपर्यंत उतरलं नाही तर घेऊन या."

फोन दोन मिनिटांत संपला. या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे आणि ती या दोन मिनिटांत झाली. पुढे घरच्यांच्या हातून झालेल्या चुका येणार आहेत, म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

हरणी चार वर्षांची मुधोळ जातीची कुत्री, वजन २२ किलो. मुधोळ गाव इथून, बेळगावहून, फार लांब नाही, बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही शिकारी जात जोपासली आणि २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली तेव्हा त्यात मुधोळलाही जागा मिळाली. लांब पाय, आत ओढलेलं पोट, बरगड्या दिसाव्यात असं अंग. कातडीखाली चरबी जवळजवळ नाही आणि केस अगदी आखूड. मुधोळ-बागलकोटच्या कोरड्या, उघड्या माळावर पळण्यासाठी घडलेलं हे जनावर. खानापूरची हवा वेगळी. घाटाला लागून असलेला हा पट्टा, पहाटे शेतावर धुकं उतरतं, दव इतकं पडतं की अंगणातलं पिंजार, म्हणजे भाताचं काड, सकाळी ओलंचिंब लागतं. नुसती कोरडी थंडी अशा कुत्र्याला सोसते, ओली सोसत नाही.

मामांना हे सांगावं लागलं नव्हतं. दिवाळी झाल्याझाल्याच त्यांनी पडवीत लाकडी फळी टाकून तिचा बिछाना जमिनीपासून वीतभर उचलला होता. खाली पोतं, वर पिंजार, त्यावर जुनी वाकळ. पिंजार दर दोन दिवसांनी बदलायचं. मामींनी जुन्या घोंगडीचा अंगरखा शिवला होता, पोटाखाली नाडी बांधायचा. रात्रीची भाकरी थोडी वाढवली होती, कारण अंगात ऊब राखायला खाणं लागतं. एवढी तयारी मी शहरातल्या घरांतही क्वचित पाहते.

त्याच तयारीने मला चकवलं. अंगावर जेमतेम केस असलेली जात, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, धुक्याचा गाव आणि मालक स्वतः सांगतोय की थंडी बाधली. उत्तर आयतं समोर होतं, मी ते उचललं. ती जेवली का, ओकली का, लघवीला गेली का, यातलं एकही विचारलं नाही.

२७ तारखेला संध्याकाळी साडेपाचला ते हरणीला घेऊन आले. सकाळीच निघायचं होतं, पण पुण्याहून आलेल्या मुलाची गाडी पाहुण्यांना सोडायला गेली होती, आणि दुपारी ती जरा उठून बसली म्हणून सगळ्यांना वाटलं बरी होतेय. बेळगावात आल्यावर रस्ते गर्दीने भरलेले, नाताळच्या सुट्ट्या. बोगारवेशीच्या आसपास अर्धा तास गेला. टेबलावर ठेवली तेव्हा तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं आणि परत टेकवली. एरवी हीच हरणी टेबलावर चढवायला दोन माणसं लागायची.

गुदद्वारातलं तापमान ९८.४ फॅरनहाइट. माणसाला हा आकडा निरोगी वाटेल. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, म्हणजे ती खरोखरच गार पडली होती. मामांनी आकडा ऐकला आणि मान हलवली, "सांगितलं न्हवं, थंडीच हाय."

पण बाकीचं काहीच त्या उत्तरात बसत नव्हतं. हिरड्या कोरड्या आणि चिकट. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. वजन भरलं २०.६ किलो. दोन दिवसांत जवळपास दीड किलो उतरलं, म्हणजे अंगातलं पाणी गेलं होतं. कमरेच्या वर दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं तर ती कण्हली. मूत्राशय हाताला लागेना इतकं रिकामं. आणि तोंडाला वास होता, गोठ्यातल्या मुतासारखा. हा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. मूत्रपिंडं थांबली की रक्तात साचणारी घाण श्वासातून येते.

थंडीने कुत्रं थरथरतं, हे खरं. पण पाणी संपलेलं, रक्तात विष साचलेलं शरीरही स्वतःची ऊब धरू शकत नाही. हरणी गार पडली होती ती आजारामुळे. घरच्यांनी आणि मी, दोघांनीही परिणामाला कारण समजलं होतं.

"काय खाल्लं तिनं?" हा प्रश्न मी वीस तास उशिरा विचारला.

"कायबी न्हाई ओ. कालपासनं दूध-भाकरीला तोंड लावंना झालीया."

"त्याच्या आधी? नाताळाच्या दिवशी?"

मुलगा म्हणाला, शेजारच्या ख्रिस्ती घरातून केक आला होता, पण चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं हे मुलांना माहीत आहे, म्हणून केकचा डबा कपाटात कुलपात होता. नात, आठ वर्षांची, बापाच्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "तिच्या ओकारीत बेदाणे होते. मोठेमोठे, फुगलेले."

ओकारी झाली होती, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. २६ तारखेला सकाळी दोनदा, गोठ्यामागे. मोठ्यांपैकी कोणी पाहिलं नव्हतं. मुलीने पाहिलं होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

मग मामींना डबा आठवला. २४ तारखेला त्यांनी डिंकाचे लाडू वळले होते, गोकाकच्या करदंटाच्या धर्तीवर, गूळ आणि सुकामेवा भरपूर घालून. सून अथणीकडची. त्या पट्ट्यात द्राक्षं सुकवून बेदाणे करतात, तिच्या माहेरून दर वर्षी पिशवी भरून येते. तीन किलोच्या घाण्यात अर्धा किलो बेदाणे गेले. साठ लाडू झाले, त्यातले काही पाहुण्यांसाठी स्टीलच्या डब्यात भरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी ठेवले. २६ ला सकाळी डबा अंगणात उपडा पडलेला, आत काही नाही. सगळ्यांनी वानरांवर ठपका ठेवला. जांबोटीच्या बाजूला वानरं खिडकीतून हात घालून भाकरी नेतात, त्यामुळे शंका घ्यायला कारणच नव्हतं. हरणीही रात्री पडवीतच असते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"डब्यात किती लाडू होते?"

मामींनी बोटं मोजली. "चौदा. पंधरावा मी देवाला ठेवला."

मी टेबलाच्या कडेला कागदावर हिशेब मांडला. साठ लाडवांत पाचशे ग्रॅम, म्हणजे एका लाडवात आठ ग्रॅमच्या वर बेदाणे. चौदा लाडवांत ११५ ग्रॅमच्या आसपास. किलोमागे तीन ग्रॅमच्या जवळपास बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं गेल्याच्या नोंदी आहेत. हरणीच्या २२ किलोला ते ६५ ग्रॅम होतात. ओकून काही पडले असतील हे धरलं तरी पोटात पुरेसे राहिले होते.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना का बाधतात, यावर बरीच वर्षं नेमकं उत्तर नव्हतं. एखादं कुत्रं ओंजळभर खाऊन ठणठणीत राहायचं, दुसरं थोडक्यात मरायचं. २०२१ पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं, म्हणून परिणामही सारखा होत नाही. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचंही आढळलं आहे. आमटीतल्या चमचाभर कोळाने काही होईल असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे माघ-फाल्गुनात अंगणात चिंचा फोडायला बसतात, चिंचेचे गोळे परातीत वाळत पडलेले असतात आणि कुत्रं तिथेच असतं, ते सांगायला हवं. सुरक्षित असं प्रमाण कोणी ठरवून दिलेलं नाही. म्हणून मी लोकांना "एखादा बेदाणा चालेल का" याचं उत्तर नाही असंच देते.

चॉकलेटचं सगळ्यांना माहीत झालं, ही चांगली गोष्ट आहे. शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण त्या घरात कुलपात ठेवलेल्या नाताळच्या केकमध्येही बेदाणे होतेच आणि खिडकीशी उघडे ठेवलेले लाडू तर घरचे, पौष्टिक, बाळंतिणीला देतात ते. घरच्या पदार्थाबद्दल भीती वाटत नाही. हिवाळ्यात आपल्या घरांत जे म्हणून ताकदीचं बनतं, डिंकाचे लाडू, करदंट, सुकामेव्याच्या वड्या, त्या प्रत्येकात बेदाणे किंवा मनुका असू शकतात.

हिशेब पुरा होतो न होतो तोच मामा म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. काल राती मी तिला गोळी दिली." खिशातून पाकीट काढलं. गुडघ्यासाठी ते घेतात ती डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची गोळी, अर्धी मोडून गुळात घालून. अंग दुखत असेल, आपल्याला उतार पडतो तसा तिलाही पडेल, असं त्यांना वाटलं.

अशा गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. पाणी कमी झालेल्या शरीरात तर जास्तच. याच डायक्लोफेनॅकमुळे आपल्याकडची गिधाडं संपत आली. औषध दिलेल्या गुरांचं मढं खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. माणसांच्या दुकानात ते मिळतंच आणि मालकाच्या खिशात असतंच. मामांना मी हे त्या क्षणी सांगितलं नाही. गोळी दिली हे त्यांनी आपणहून सांगितलं होतं, आणि मला त्याची गरज होती. ज्या मालकाला ओरडा बसतो तो पुढच्या वेळी पाकीट खिशातच ठेवतो. तिसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं. त्यांनी पाकीट माझ्या टेबलावरच ठेवलं आणि गेले.

रक्ताचा अहवाल रात्री आठला आला. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायची घाण, ४.८. निरोगी कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असतं. युरिया, फॉस्फरस दोन्ही चढलेले. नळी घालून जी थोडी लघवी निघाली ती पाण्यासारखी पातळ, आणि तिच्यात साखर. रक्तातली साखर मात्र नेहमीसारखी. म्हणजे मूत्रपिंडातल्या ज्या नलिकांनी साखर परत ओढून घ्यायची त्याच दुखावल्या होत्या. बेदाण्यांच्या बाधेत हे दिसतं.

तरीही सगळं बेदाण्यांवर टाकून मोकळं व्हायची माझी तयारी नव्हती. एकदा आयतं उत्तर उचलून फसले होते. खानापूर भागात भाताच्या खाचरात उंदीर-घुशी असतात, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तोही मूत्रपिंडं धरतो, माणसांनाही होतो. हरणीची लस झाली होती, पण लसीत सगळे प्रकार येत नाहीत. म्हणून तपासणीला रक्त पाठवलं, प्रतिजैविक सुरू केलं, लघवी हातमोज्यांशिवाय हाताळायची नाही असं सगळ्यांना बजावलं. चाचणी नंतर निगेटिव्ह आली. तुपातल्या लाडवांनी स्वादुपिंडाला सूज आली असेल ही शंका शेवटपर्यंत राहिली. पोट थोडं दुखत होतं, पण त्याचेही उपचार सलाइन, मळमळीचं औषध आणि विश्रांती हेच, म्हणून काही बदलावं लागलं नाही.

ओकारी काढण्याची वेळ केव्हाच टळली होती. खाल्ल्यावर पहिल्या काही तासांत आणलं तर इंजेक्शन देऊन ओकारी काढता येते, औषधी कोळसा पाजता येतो. बेदाणे पोटात बराच वेळ पडून राहतात, त्यामुळे इतर विषांपेक्षा इथे थोडी अधिक सवड मिळते. चाळीस तासांनी काहीच उरलेलं नसतं. आता काम एकच, मूत्रपिंडांतून पाणी वाहतं ठेवायचं आणि ती स्वतः सावरतात का पाहायचं.

पुढचे पाच दिवस माझ्या वहीत दोन आकडे दर दोन तासांनी आहेत: लघवी आणि वजन. गेलेलं पाणी भरून काढल्यावर तासाला किलोमागे किमान एक मिलिलिटर, खरं तर दोन, लघवी यायला हवी. हरणीला पहिल्या चार तासांत मिळून ३० मिलिलिटर झाली. म्हणजे सलाइन आत जातंय, बाहेर येत नाहीये. अशा वेळी बाटलीचा वेग वाढवण्याचा मोह होतो. वाढवला तर पाणी फुप्फुसात उतरतं. म्हणून वजन. जेवढं अंगातून गेलं होतं तेवढं भरलं की वजन तिथेच थांबायला हवं. रात्री दोनला ती २१.९ किलोवर आली, मी वेग कमी केला, लघवी वाढवण्याचं इंजेक्शन दिलं आणि वाट पाहत बसले.

तिला ऊब द्यायची तीही हळूच. सलाइनची नळी कोमट पाण्याच्या भांड्यातून फिरवली, बाटल्यांत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळून कुशीला लावल्या. उघडी बाटली कातडीला लावायची नाही, कारण गळालेलं जनावर बाजूला सरकत नाही आणि भाजतं. हे मी दर हिवाळ्यात पाहते. शेकोटीच्या निखाऱ्यांशी, गुऱ्हाळाच्या राखेत, चुलीच्या वैलाशी झोपलेली कुत्री-मांजरं पंजे आणि कुशी भाजून येतात. चार हात लांब ठेवा असं फोनवर सांगितलं होतं, तेवढं एक बरोबर होतं.

पहाटे पाचला पिशवीत ५० मिलिलिटर दिसली. सहाला आणखी २५. माझ्या मदतनिसाने कन्नडात देवाचं नाव घेतलं.

डायलिसिसची सोय आमच्याकडे नव्हती, हे मी मामांना पहिल्याच रात्री सांगितलं होतं. लघवी आलीच नाही तर पुढे काय, हेही. ते बाकड्यावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "म्हातारं झालं असतं तर वायलं," एवढंच म्हणाले. २८ तारखेला क्रिएटिनिन ५.६ वर गेलं. असं चढतं, इलाज सुरू झाल्यावरही एक-दोन दिवस चढतं, आणि घरच्यांना ते समजावणं सगळ्यांत अवघड. २९ ला ५.१. ३० ला ३.९.

मग ३१ तारीख आली.

बेळगावात ज्यांचा जन्म गेला त्यांना ओल्ड मॅन सांगायला नको. सरत्या वर्षाचा म्हातारा, पिंजार आणि जुन्या कपड्यांनी भरलेला, गल्लोगल्ली उभा करतात आणि मध्यरात्री जाळतात. पोटात फटाके असतात. लहानपणी आम्हीही केला आहे. दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत त्या वर्षी दोन होते. घाबरलेलं कुत्रं एरवी पलंगाखाली शिरेल, पळून जाईल. त्या रात्री शहरातली किती कुत्री घर सोडून पळतात हे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या फोनांवरून कळतं. हरणीच्या पायात सलाइनची सुई होती, लघवीची नळी होती. ती उसळली असती तर सगळं उपटलं असतं. शामक औषध द्यायला मन धजेना, मूत्रपिंडं अर्धीमुर्धी चालत असताना अंगातून ते किती वेळात बाहेर पडेल याची खात्री नव्हती.

संध्याकाळी सातला मी मुलांकडे गेले. मागच्या गल्लीत दहा-बारा जण होते, म्हातारा अजून अर्धाच भरून झाला होता. आजारी कुत्री आहे, सलाइनवर आहे, फटाके कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत लावाल का, एवढं विचारलं. ते म्हणाले, "आधी सांगायचं की ओ मॅडम," आणि म्हातारा उचलून दीडशे पावलं पलीकडे नेला. दुसऱ्या टोळीने ऐकलं नाही. दर वर्षी थोडे जण ऐकतात, मी विचारायला जाते.

हरणीला सगळ्यांत आतल्या, औषधांच्या खोलीत हलवलं. खिडकीला गादी लावली, रेडिओ मोठ्याने लावला, मामा रात्री नऊलाच घोंगडी घेऊन तिच्याजवळ जमिनीवर बसले. बारा वाजता आवाज सुरू झाले तेव्हा ती ताठरली, कान मागे, डोळे मोठे. मामांनी तिच्या छातीवर हात ठेवला आणि म्हशींशी बोलतात तसं हळू आवाजात बोलत राहिले, कोणत्या शेतात ऊस तुटला, कोणती गाय फळली. वीस मिनिटं. सुई जागेवर राहिली.

१ जानेवारीला तिने स्वतःहून भाताची पेज चाटली. २ तारखेला क्रिएटिनिन २.४, नळी काढली, घरी पाठवली.

घरी जाताना चार गोष्टी लिहून दिल्या. मऊ भात, अंड्याचा पांढरा भाग, मीठ अजिबात नाही. मटणाचा रस्सा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. कातडीखाली सलाइन एक दिवसाआड, ते सुनेने शिकून घेतलं, पहिल्या दिवशी तिचा हात थरथरला, तिसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा सफाईने टोचत होती. आणि पाणी मोजायचं. दुखावलेली मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून कुत्रं जास्त पितं आणि जास्त मुततं. पाणी अचानक वाढलं किंवा कमी झालं तर ती पहिली खूण.

मामींनी मला विचारलं होतं, त्या रात्रीच कळलं असतं तर काय करायचं होतं? शेजारच्या कोणीतरी नंतर सांगितलं होतं की मिठाचं पाणी पाजून ओकवायचं. ते करू नका. मिठाने ओकारी झाली नाही तर रक्तात मीठ चढतं, मेंदूतलं पाणी ओढलं जातं आणि झटके येतात. मीठ जास्त होऊन कुत्री मेलेली आहेत. डबा रिकामा दिसला की फोन करायचा, किती वाजता, किती लाडू, कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगायचं, आणि निघायचं. हरणी त्या रात्री पहाटेपर्यंत हिंडतीफिरती होती. लक्षणं दिसेपर्यंत थांबलं की ओकारी काढायची वेळ गेलेली असते.

आणि २६ ला रात्री मी दोन प्रश्न जास्त विचारले असते तर? तेव्हा खाल्ल्याला वीसएक तास झाले होते. पोटातलं निघालं नसतं, पण सलाइन एक दिवस आधी सुरू झालं असतं आणि डायक्लोफेनॅकची ती अर्धी गोळी पोटात गेली नसती. मी याचा विचार बऱ्याचदा केला आहे.

आता हिवाळ्यात थंडी बाधली म्हणून फोन आला की मी आधी तापमान घ्यायला लावते. काचेचा नको, डिजिटल थर्मामीटर घरोघर असतो, टोकाला खोबरेल लावून मागून घालायचा, एक मिनिट. खरी थंडी लागलेली असेल तर कोरड्या जागी, उबेत तासाभरात थरथर थांबते आणि कुत्रं खायला मागतं. पिल्लं, म्हातारी, नुकतीच आजारातून उठलेली, आणि हरणीसारखी उघड्या अंगाची, यांना ती लवकर लागते, हेही खरं. सांधे धरलेली म्हातारी कुत्री सकाळी उठताना लंगडतात, त्यांना गार फरशीवरून उचलून पोत्यावर घ्यावं लागतं. पण तासाभरात उतार नाही, खाणं बंद, एकदा जरी ओकारी, की मग तो थंडीचा विषय राहत नाही. मग मी विचारते घरात काय बनलं, पाहुणे कोण आले, कुठला डबा रिकामा झाला, कोणाच्या गोळ्या कुठे असतात. आणि घरात लहान मूल असेल तर फोन त्याच्याकडे द्यायला सांगते. मुलं कुत्र्याच्या उंचीवर वावरतात, मोठ्यांना न दिसणारं त्यांना दिसतं.

१५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, हरणी तपासणीला आली. घोंगडीचा अंगरखा अंगात होता, वजन २१.३. दारातून आत यायला तयार नव्हती, टेबलावर चढवायला परत दोन माणसं लागली. क्रिएटिनिन १.९. लघवी अजून पातळच. हा आकडा आणखी थोडा उतरेल, पण मूत्रपिंडांचा जो भाग गेला तो परत येत नाही. तिचं पुढचं आयुष्य बेताच्या प्रथिनांवर आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासून जाईल, भूल द्यायची वेळ आली तर दहादा विचार करावा लागेल. मामांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पळूल न्हवं?" पळेल, म्हणाले.

नात पुण्याला परत गेली होती, पण जाण्याआधी तिने चौकटीची वही आखून दिली होती आणि आता मामी ती भरतात. तारीख, सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी, लघवी किती वेळा. एकाखाली एक: दीड तांब्या, एक तांब्या, सहा वेळा. दीड, सव्वा, सहा. एका ओळीत पाण्यापुढे कंस करून लिहिलंय, "म्हशीच्या घमेल्यातलं प्यायली, मोजलं न्हाई."

डबे आता माळ्यावर असतात. पुढची तपासणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे, वही घेऊन या म्हणून सांगितलंय.